हा प्रश्न ‘त्यांचा’ की आपला? पोलिसांशी संवादाच्या बैठकीविषयी

वाचकाचे पत्र

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. सहा आठवड्यांपूर्वी माझा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा वर्गमित्र रात्री सराव आटोपून घरी येत होते. गाडी मित्र चालवत होता आणि तो कृष्णवर्णीय आहे. नंबरप्लेटवरचा दिवा बंद असल्याचे सांगून पोलिसांनी गाडी अडवली, मित्राला खाली उतरवून रस्त्याच्या कडेला बसवले आणि गाडी तपासू का, असे विचारले. त्याने घाबरून हो म्हटले. झडतीत काहीच सापडले नाही, दंडही झाला नाही. माझ्या मुलाशी मात्र ते अदबीने बोलले. आता इथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या एका गटाने चर्चच्या मदतीने पोलीस चीफबरोबर संवादाची बैठक ठेवली आहे आणि आमच्या मराठी मंडळालाही बोलावले आहे. कार्यकारिणी म्हणते, हा त्यांचा प्रश्न आहे. पोलीस आपल्या गणपतीच्या मिरवणुकीला एवढी मदत करतात, त्यांना कशाला दुखवायचे? माझ्या पतीला व्हिसाची धास्ती आहे. मला जावेसे वाटते, पण मी तिथे काय बोलू? मुलाला बोलायला सांगू का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि शक्य असेल तर मंडळाच्या वतीने जावे. परंतु बैठकीच्या आधी एक काम करायचे आहे आणि त्याला मुदत आहे, म्हणून ते प्रथम सांगते. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातील चित्रण सर्वसाधारणपणे नव्वद दिवस जपून ठेवले जाते आणि त्यानंतर नष्ट केले जाते. त्या प्रसंगाविषयी तक्रार दाखल झाली असेल तर ते वेगळे काढून अधिक काळ ठेवावे लागते. १ जानेवारी २०२५ पासून राज्यातील प्रत्येक पोलीस खात्याला हे कॅमेरे सक्तीचे झाले आहेत, तेव्हा त्या रात्रीचे चित्रण असण्याची शक्यता भरपूर आहे. सहा आठवडे गेले आहेत, म्हणजे जवळजवळ निम्मी मुदत सरली आहे. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला त्या मुलाला, किंवा त्याच्या वकिलाला, हे चित्रण मागण्याचा अधिकार आहे.

हा अधिकार त्याचा आहे, तुमचा किंवा तुमच्या मुलाचा नाही, आणि तुमच्या पत्रात मला सर्वांत मोठी उणीव इथेच जाणवली. त्या मुलाच्या आईवडिलांशी तुमचे या विषयावर बोलणे झाल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. बैठकीत उभे राहून त्याची हकीकत सांगण्यापूर्वी त्यांच्या घरी जा, तुमच्या मुलाने काय पाहिले ते त्यांना सांगा, चित्रणाच्या मुदतीची माहिती द्या आणि पुढे काय करायचे ते त्यांच्यावर सोपवा. कदाचित ते तक्रार करतील. कदाचित मुलाचे कॉलेजचे वर्ष तोंडावर आले असताना त्याचे नाव कोणत्याही कागदावर येऊ नये असे त्यांना वाटेल, आणि तसे वाटण्याला त्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्यांची कारणे असतील. तक्रार करायचीच असेल तर २०२१ मध्ये या राज्याने केलेल्या सुधारणेमुळे पोलिसाविरुद्धच्या तक्रारीसोबत शपथपत्र जोडण्याची अट उरलेली नाही, हेही त्यांना सांगा. तुमच्या मुलाने आपल्यासमोर घडलेला प्रसंग वेळेसह, स्वतःच्या शब्दांत, आजच लिहून ठेवावा. तो साक्षीदार आहे. पण त्याचे टिपण केव्हा बाहेर काढायचे ते मित्राच्या घरचे ठरवतील.

आता कार्यकारिणीच्या ‘हा त्यांचा प्रश्न आहे’ या म्हणण्याकडे वळू. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन या शहरात नातवाला सांभाळण्यासाठी गुजरातहून आलेले एक सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ सकाळी मुलाच्या घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. शेजारच्या कोणीतरी पोलिसांना फोन करून, एक सडपातळ काळा माणूस घरांकडे पाहत फिरतो आहे, असे कळवले. पोलीस आले, या गृहस्थांना इंग्रजी येत नव्हते, आणि काही मिनिटांतच एका अधिकाऱ्याने त्यांना असे जमिनीवर आपटले की त्यांच्या मणक्याला इजा होऊन त्यांना अंशतः पक्षाघात झाला. राज्याच्या गव्हर्नरांनी भारत सरकारची माफी मागितली. त्या अधिकाऱ्यावरचा खटला मात्र दोनदा ज्यूरीचे एकमत न झाल्याने अडला आणि अखेरीस न्यायाधीशांनी त्याची मुक्तता केली. फोन करणाऱ्याच्या नजरेला तिथे गुजराती आजोबा दिसलेच नाहीत. ‘त्यांचा’ आणि ‘आपला’ प्रश्न यांच्यातील जी सीमा कार्यकारिणीला इतकी ठळक दिसते, ती खिडकीतून पाहणाऱ्याला किंवा रात्री गाडीच्या काचेवर विजेरी मारणाऱ्याला दिसेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

आणि आपल्याला हे नवीन तरी कुठे आहे? गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि तरीही नजर बदलली नाही. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची घरे पालाच्या बाहेर होती म्हणून आपण गप्प राहू शकलो. इथेही आपली सोय तशीच लागली आहे, आणि मंडळाला अस्वस्थ करायचेच असेल तर माझ्या मते अलाबामाच्या उदाहरणापेक्षा हे अधिक उपयोगी पडेल.

मिरवणुकीच्या मुद्द्याविषयी थोडक्यातच लिहिते. रीतसर परवाना घेतलेल्या मिरवणुकीसाठी वाहतूक वळवणे हे पोलिसांचे काम आहे आणि त्याचा खर्च तुमच्या करांतूनही निघतो. त्याबद्दल आभार जरूर मानावेत, पण ती उपकाराची फेड करण्याची बाब नाही. शिवाय मिरवणुकीला हसतमुखाने येणारे अधिकारी बहुधा जनसंपर्काचे काम पाहणारे असतात आणि रात्री नंबरप्लेटचा दिवा पाहणारे गस्तीवरचे. तुमच्या मुलाच्या मित्राला ज्या पोलीस खात्याचा अनुभव आला, त्याची तुमच्या कार्यकारिणीशी अजून ओळखच झालेली नाही. म्हणून बैठकीच्या आयोजकांना एक सूचना आवर्जून करा: चीफ आणि जनसंपर्क अधिकारी यांच्याबरोबर रात्रपाळीच्या गस्तीवरचे एकदोन सार्जंटही यावेत.

तिथे काय बोलावे, या तुमच्या खऱ्या प्रश्नासाठी आधी कायदा कुठवर पोहोचतो ते पाहावे लागेल. त्या रात्री जे घडले ते बहुधा कायद्यात बसणारे आहे आणि चीफ तसे म्हणाले तर ते खोटे बोलत नसतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये असे ठरवले की वाहतुकीचा कोणताही नियम मोडलेला असेल तर गाडी अडवणे वैध ठरते, मग अधिकाऱ्याच्या मनातला खरा हेतू काहीही असो. झडतीला नकार देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, परंतु तो आहे हे पोलिसांनी सांगितलेच पाहिजे असे बंधन नाही, हे त्याच न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवले आहे. बंद पडलेला एक बारीक दिवा आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून रात्री निघालेला होकार एवढ्यावर गाडीची झडती होऊ शकते, ती अशी. न्याय्य वर्तनाचा प्रश्न कायद्याची ही किमान रेषा जिथे संपते तिथे सुरू होतो, आणि तिच्या वर काय करायचे ते मुख्यतः त्या त्या खात्याचे लेखी धोरण ठरवते. या देशात सुमारे अठरा हजार वेगवेगळी पोलीस खाती आहेत. त्यांना एका सूत्रात बांधणारे केंद्रीय गृहखाते इथे नाही. तुमच्या उपनगराच्या चीफची नेमणूक आणि खात्याचे अंदाजपत्रक गावपातळीवरच ठरते. म्हणूनच त्या बैठकीला आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच वजन आहे.

धोरण बदलते याची उदाहरणेही जवळचीच आहेत. आरशाला काहीतरी लटकते आहे एवढ्याच कारणावरून गाडी अडवण्यास इलिनॉयने २०२४ पासून मनाई केली. (आपल्या कितीतरी गाड्यांच्या आरशाला गणपती लटकत असतो आणि त्यावरून आपल्याला कोणी अडवल्याचे क्वचितच ऐकू येते, यातच बरेच काही आले.) तुमच्या गावातही खाते ठरवू शकते की संमतीने झडती घ्यायची असेल तर नकाराचा अधिकार आधी सांगितला जाईल आणि संमती लेखी घेतली जाईल, किंवा निव्वळ किरकोळ बिघाडासाठी गाडी न अडवता नोटीस टपालाने पाठवली जाईल. पहिल्या सूचनेला कोणाचाही सबळ आक्षेप असण्याचे कारण मला दिसत नाही. दुसरीवर पोलिसांचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारण अशा तपासणीतून कधीकधी चोरीची गाडी किंवा बेकायदा पिस्तूल हाती लागते, असे ते सांगतील.

तेव्हा त्यांना विचारायचे ते एवढेच: असे काही किती वेळा हाती लागते? आणि माझ्या मते तुमचे बोलणे याच प्रश्नाभोवती असावे. २००३ च्या कायद्यामुळे, जो मांडणाऱ्यांत त्या वेळचे राज्य सिनेटर बराक ओबामा होते, इलिनॉयमधील पोलिसांना अडवलेल्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवावी लागते: अडवण्याचे कारण, अधिकाऱ्याला वाटलेला चालकाचा वंश, झडती मागितली का, दिली का, काय सापडले, शेवटी दंड झाला की समज देऊन सोडले. राज्याचे परिवहन खाते त्याचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यात खातेवार आकडे असतात. बैठकीपूर्वी आपल्या गावाचे आकडे काढा. त्यात न मिळणारी माहिती राज्याच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली गावाकडे मागता येते आणि कामकाजाच्या पाच दिवसांत, किंवा मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच दिवसांत, त्यांना उत्तर द्यावे लागते.

आकडे वाचताना एका खाचखळग्यापासून मात्र सावध राहा. गावात कृष्णवर्णीय रहिवासी अमुक टक्के आणि अडवलेल्यांत त्यांचे प्रमाण त्याच्या कितीतरी पट, असे म्हणताच चीफ उत्तर देतील की आमच्या रस्त्यांवर बाहेरगावचे चालकही असतात, आणि ते उत्तर अगदीच टाकाऊ नाही. झडतीचा निकाल पाहिला की हा वाद उरत नाही. ज्या कृष्णवर्णीय चालकांची झडती झाली त्यांच्यापैकी किती जणांकडे काही सापडले आणि ज्या श्वेतवर्णीयांची झाली त्यांच्यापैकी किती जणांकडे, एवढेच ताडून पाहायचे. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत झडत्या अधिक आणि सापडण्याचे प्रमाण कमी असेल, तर त्यांच्यावर संशय घ्यायला कमी कारण पुरते असा त्याचा सरळ अर्थ निघतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातील सुमारे साडेनऊ कोटी गाडी-अडवणुकींच्या नोंदी तपासून २०२० मध्ये असेच चित्र मांडले. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: सूर्यास्तानंतर, म्हणजे चालकाचा चेहरा बाहेरून दिसेनासा झाल्यावर, अडवलेल्यांमधील कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटते. तुमच्या गावाचे आकडे लहान असतील, म्हणून एका वर्षावर न थांबता चारपाच वर्षांची बेरीज घ्या, नाहीतर दोनतीन झडत्यांनी टक्केवारी कुठल्या कुठे जाईल.

तुमच्या मुलाशी अदबीने आणि मित्राशी वेगळ्या स्वरात बोलणे, हे मात्र या कोष्टकांत सापडणार नाही, आणि मुलांच्या मनात बहुधा तेच अधिक खोल रुतले असेल. त्यावरही काम झाले आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या पोलिसांच्या कॅमेऱ्यांतील संभाषणे अभ्यासून स्टॅनफर्डच्याच अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवले की अधिकारी कृष्णवर्णीय चालकांशी श्वेतवर्णीयांपेक्षा कमी आदराने बोलतात, आणि अधिकाऱ्याचा स्वतःचा वंश, गुन्ह्याचे गांभीर्य, अडवण्याचे ठिकाण हे सारे हिशेबात धरूनही हा फरक उरतो. म्हणजे हा प्रश्न चारदोन उद्धट माणसांपुरता नाही. सार्जंट किंवा वरिष्ठ अधिकारी कॅमेऱ्यातील चित्रणातून अधूनमधून काही प्रसंग निवडून पाहतात का, आणि पाहताना कायदेशीरपणाबरोबर बोलण्याची रीतही पाहतात का, हे चीफना विचारता येईल.

या राज्यात एक दस्तऐवज असा आहे की ज्याच्यामुळे तुमचे काम सोपे होईल. मार्च २०१८ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या जुन्या संघटनेची इलिनॉय शाखा आणि राज्यातील पोलीस चीफ लोकांची संघटना यांनी मिळून दहा सामाईक तत्त्वे मान्य केली. प्रत्येक व्यक्तीशी सन्मानाने वागणे, वंशावरून भेदभाव नाकारणे, निःपक्षपातीपणा, पारदर्शकता, लोकांना आपले म्हणणे मांडू देणे, प्रसंग चिघळू न देण्याचे प्रशिक्षण, असे त्यांचे स्वरूप आहे आणि पुढे अनेक गावांच्या पोलिसांनी ती स्वीकारली. तुमच्या खात्याने ती स्वीकारली आहेत का, ते आधी पाहा. स्वीकारली असतील तर तुम्हाला कोणावर आरोप करावा लागत नाही. ‘तुमच्याच शब्दाप्रमाणे गेल्या वर्षभरात काय बदलले?’ एवढे चीफना विचारता येते. स्वीकारली नसतील तर ती स्वीकारणे ही बैठकीतून निघणारी पहिली सोपी गोष्ट ठरेल, पण तिच्यावरच टाळ्या वाजवून सगळे घरी जाणार नाहीत, हे पाहावे लागेल.

कारण संवादाच्या बैठकींचा अनुभव फारसा गोड नाही. चहा-कॉफी होते, चीफ मनापासून बोलतात, लोक आपली दुःखे सांगतात, छायाचित्र निघते आणि पुढची तारीख ठरत नाही. ओहायो राज्यातील सिनसिनाटीत ही रीत मोडली म्हणून ते शहर आजही उदाहरणादाखल घेतले जाते. तिथे एप्रिल २००१ मध्ये पोलिसाच्या गोळीने एक निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण गेला आणि शहरात दंगली उसळल्या; परंतु पोलिसांच्या वंशभेदाविरुद्धचा दावा त्याच्या आधीच केंद्रीय न्यायालयात दाखल झालेला होता आणि न्यायाधीशांनी तो केवळ युक्तिवादांवर न सोडता वाटाघाटींच्या मार्गाने नेला. हजारो रहिवाशांना, त्यांत तरुण, धर्मोपदेशक, व्यापारी आणि पोलिसांची कुटुंबेही होती, त्यांना काय हवे आहे ते विचारण्यात आले. २००२ मध्ये झालेल्या करारावर शहर आणि वादी यांच्याबरोबर पोलिसांच्या युनियननेही सही केली. तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणारी यंत्रणा उभी राहिली आणि करार पाळला जातो की नाही ते पाहायला स्वतंत्र निरीक्षक नेमला गेला. तुमच्या उपनगरात खटला नाही आणि तो व्हावा असेही मी सुचवत नाही. पण सिनसिनाटीत संवादाच्या पाठीशी लेखी शब्द आणि तो तपासणारा तिसरा माणूस होता. तुमच्या बैठकीचे टिपण जाहीर व्हावे, तीन महिन्यांनी पुन्हा बसावे आणि त्या वेळी झडतीचे आकडे चीफनी स्वतः मांडावेत, एवढे मागणे त्या मानाने फारच माफक आहे.

बोलण्याच्या क्रमाविषयी माझे मत थोडे आग्रही आहे. बैठक कृष्णवर्णीय कुटुंबांनी बोलावली आहे. विषयपत्रिका त्यांची, मागण्याही त्यांच्या. त्यांना आधी भेटून, आमच्याकडून कोणते बोलणे उपयोगाचे होईल, असे विचारा. ते कदाचित म्हणतील की आकड्यांचा प्रश्न तुम्हीच विचारा, कारण आम्ही विचारला की आवाज चढला असे म्हटले जाते. तसे असेल तर पोलिसांशी मंडळाचे जे चांगले संबंध आहेत ते इथे खर्ची घालावेत. नाहीतर ते जपून ठेवायचे कशासाठी? तुमचे बोलणे दोन मिनिटांचे असावे आणि लिहून न्यावे. साधारण असे म्हणता येईल: “आमच्या मंडळाचा पोलिसांशी अनुभव चांगला आहे आणि आमच्या शेजाऱ्यांचा तसा नाही. हा फरक आम्हाला मान्य नाही. गेल्या पाच वर्षांत संमतीने झालेल्या झडत्या वंशवार किती, त्यांत सापडले किती, आणि झडतीपूर्वी नकाराचा अधिकार सांगण्याचे धोरण आपण कोणत्या तारखेपर्यंत करू शकाल?” इंग्रजी उच्चारांची चिंता करू नका, तारीख ऐकल्याशिवाय मात्र खाली बसू नका.

उत्तरादाखल चीफ म्हणतील की आमचे अधिकारी रंग पाहत नाहीत. तिथे मनांच्या निर्मळपणावर वाद घालू नये, तो कोणीच जिंकत नाही. रात्री अनोळखी गाडीच्या खिडकीपाशी एकट्याने जाणाऱ्या अधिकाऱ्याला भीती वाटते, ती खरी असते, आणि गस्तीवरचा सार्जंट त्याविषयी बोलू लागला तर ते मध्येच न तोडता ऐकावे. त्यानंतर त्यालाच विचारावे की त्या रात्री दोन मुलांपैकी एकाचीच भीती का वाटावी. अर्थात हे सर्वसाधारण रूपात, त्या मुलाच्या घरची संमती नसेल तर त्याचा प्रसंग ओळखू येणार नाही अशा रीतीने. विशिष्ट प्रसंगाविषयी चीफ जाहीरपणे बोलणारही नाहीत. चौकशी होण्याची शक्यता असताना त्यांनी बोलूही नये.

तुमच्या मुलाने बोलावे का, हे त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून ठरवावे. दोघांनाही बोलायचे असेल तर मित्र आधी आणि तुमचा मुलगा नंतर. मित्र गप्प आणि तुमचा मुलगा त्याच्या वतीने बोलतो आहे, असे होऊ देऊ नका. मुलगा नुसता मित्राशेजारी येऊन बसला तरी पुरे आहे.

तुमच्या पतीची काळजी मला पोरकट वाटत नाही. सध्याच्या दिवसांत ती अनेक घरांत आहे. जाहीर बैठकीत बसून प्रश्न विचारणे हा कायदेशीर हक्क आहे. इलिनॉयच्या २०१७ च्या कायद्याने गावच्या पोलिसांना, न्यायाधीशाचे वॉरंट नसताना, केवळ इमिग्रेशन खात्याच्या विनंतीवरून कोणाला अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. तरीही त्यांना धाकधूक वाटत असेल तर त्यांनी घरी राहावे, किंवा ज्यांचे नागरिकत्व झाले आहे अशा मंडळातल्या कोणाला तरी बोलू द्यावे. प्रत्येकाने सारखाच धोका पत्करला पाहिजे असे नाही. कार्यकारिणीत नागरिक असलेले पुष्कळ असतील आणि सध्या तेच अधिक गप्प आहेत असे दिसते.

कार्यकारिणीने मंडळाचे नाव वापरू दिले नाही, तर रहिवासी म्हणून जा आणि गावाच्या फायर अँड पोलीस कमिशनची चौकशी करून या. इलिनॉयमधील बहुतेक उपनगरांत असे मंडळ असते, त्याचे सदस्य रहिवाशांमधून मेयर नेमतात आणि नव्या पोलिसांची भरती, बढती आणि पुष्कळ ठिकाणी गंभीर शिस्तभंगाची प्रकरणे त्याच्यापुढे येतात. त्या जागा अनेकदा कोणाला ठाऊकही नसतात. पुढची जागा केव्हा रिकामी होते ते विचारून घ्या, आणि अर्ज कोणी करावा हे त्या कुटुंबांच्या गटाशी बोलून ठरवा.